तळ कळेल एवढे वजन

पापनाशममध्ये एक म्हातारा राहत होता. पापनाशम हे तंजावर आणि कुंभकोणम यांच्या मधले गाव. कावेरीचा एक फाटा, कुडमुरुट्टी, या गावाजवळून वाहतो. म्हाताऱ्याचे घर नदीपासून हाकेच्या अंतरावर होते. घरात मराठी बोलत, उंबऱ्याबाहेर तमिळ. 1676 च्या सुमारास व्यंकोजी राजांनी तंजावरला राज्य उभे केले, तेव्हा त्यांच्या फौजेबरोबर या घराचा मूळ पुरुष इकडे आला होता. 1855 साली ते राज्य गेले. फौज पांगली, वतन संपले, मूळ पुरुषाची बंदूकही कुठे गेली ते कोणाला ठाऊक नव्हते. मागे राहिल्या त्या फक्त 11 गोळ्या.

गोळ्या शिशाच्या होत्या. एकेक गोळी तीन तोळ्यांची. पितळेच्या डब्यात, हळद लागून पिवळ्या झालेल्या फडक्यात त्या ठेवलेल्या असत. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, डबा उघडे. त्या दिवशी शेजारी आयुधपूजा करीत. कोणी नांगराला गंध लावी, कोणी शिवणयंत्राला, कोणी सायकलला. या घरात गोळ्यांना गंध लागे. मग डबा पुन्हा फळीवर चढे.

म्हाताऱ्याचा मुलगा तिरुच्चीजवळ पोन्मलैच्या रेल्वे कारखान्यात कामाला होता आणि रविवारी घरी येई. नातू बारा-तेरा वर्षांचा होता. तो आजीआजोबांजवळ राहून गावातल्या शाळेत शिकत होता.

उन्हाळ्यात नदी कोरडी पडे. पात्रातल्या वाळूतून गुरे या काठावरून त्या काठावर जात. सगळा मुलूख जूनची वाट पाही. मेट्टूरचे धरण 1934 साली पुरे झाले, तेव्हापासून पाणी सोडायचा दिवस ठरून गेला होता. धरणात पुरेसे पाणी असले की 12 जूनला दारे उघडत. तीन-चार दिवसांनी ते पाणी कल्लणैच्या जुन्या बंधाऱ्याला पोचे, तिथून कावेरीत आणि मग एकेका फाट्यात शिरे. कुरुवै भाताची रोपे त्याच पाण्यावर उभी राहत.

त्या वर्षी पाणी वेळेवर आले. आठवडाभरात गढूळपणा खाली बसला आणि आजोबांनी बांबूची काठी बाहेर काढली. नातू म्हणाला, "आजोबा, या वर्षी मला गळ टाकायला शिकवा."

आजोबांनी त्याला एक काठी दिली, दोरा दिला, गळ दिला, नारळाच्या करवंटीत ओल्या मातीसकट गांडुळे दिली. म्हणाले, "वजन मात्र तुझे तू शोध."

नातवाने काठावरचा एक खडा उचलला, दोऱ्याला बांधला आणि गळ पाण्यात टाकला. गळ वरच्या वर वाहत गेला. पुन्हा टाकला, पुन्हा वाहत गेला. दुपारपर्यंत एकही मासा लागला नाही. जवळच आजोबांना मात्र चार लागले.

"मासे तळाशी असतात," आजोबा म्हणाले. "वरचे पाणी घाईने जाते. तळचे पाणी वाळूला, दगडांना घासत सावकाश जाते. मासा तिथे प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो आणि खाणे आपल्यापाशी येण्याची वाट पाहतो. तुझे आमिष त्याच्या डोक्यावरून निघून जाते. त्याला ते दिसतसुद्धा नाही."

घरी आल्यावर आजोबांनी एक काटकी घेतली. तिच्या मधोमध दोरा बांधला. एका टोकाला दगड टांगला, दुसऱ्या टोकाला शिशाचा एक तुकडा, आणि काटकी आडवी स्थिर राहीपर्यंत दोन्ही नीट तोलले. मग ती दोन्ही टोके पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवली. शिशाचे टोक लगेच खाली गेले, दगडाचे वर आले.

"बाहेर सारखे होते," नातू म्हणाला.

"बाहेर सारखेच होते. पाणी प्रत्येकाचे थोडे वजन काढून घेते. दगडाचे तिसऱ्या हिश्शाहून जास्त घेते. शिशाचे दहावा हिस्साही घेत नाही. म्हणून गळाला शिसे बरे."

नातवाने हे नीट ऐकले. पण त्यातून त्याने आपल्या मनाने एक गोष्ट पुढे ठरवली. शिसे चांगले, तर जास्त शिसे जास्त चांगले. आणि घरातले सगळ्यात मोठे शिसे कुठे आहे, ते त्याला माहीत होते.

तमिळ आडी महिन्याचा अठरावा दिवस आला. त्या दिवशी कावेरीच्या काठची सगळी गावे नदीवर लोटतात. बायका ओटी घेऊन येतात, हळदीचे दोरे बांधतात, पाण्यात दिवे सोडतात, काठावर बसून चित्रान्न खातात. वरून पाणीही जास्त सोडलेले असते. त्या दिवशी आजी घाटावर गेली, आजोबा तिच्याबरोबर गेले. घर रिकामे झाले. नातवाने फळीवरचा डबा काढला, एक गोळी घेतली आणि डबा होता तसा ठेवला.

गोळी पूर्वजांची होती, म्हणून ती हरवता कामा नये असे त्याला वाटले. त्याने तिच्याभोवती तारेचा वेढा घातला. घरातला सगळ्यात जाड दोरा शोधला. एकावर एक तीन गाठी मारल्या, ओढून पाहिल्या. आता काही झाले तरी ही सुटणार नाही, असे तो स्वतःशी म्हणाला. मग तो घाटापासून दूर, खालच्या अंगाला गेला. तिथे एक जुना पडका घाट होता. त्याचे चिरे निखळून पाण्यात पडलेले होते.

त्याने गळ टाकला. गोळी सरळ तळाला गेली आणि तिथेच बसली. पाणी तिच्यावरून वाहत राहिले. नातवाला आनंद झाला. आपला गळ आता तळाशी आहे आणि हलत नाही, असे त्याला वाटले. तो बराच वेळ थांबला. मासा आला नाही. एकदा दोरा जरासा हलला. खेकड्याने गांडूळ खाऊन टाकले होते.

त्याने दोरा ओढला. दोरा आला नाही. गोळी दोन चिऱ्यांच्या फटीत जाऊन बसली होती. त्याने जोर लावला, काठी वाकली. त्याने काठी बाजूला टाकली, दोरा तळहाताला गुंडाळला आणि दोन्ही हातांनी खेचला. दोरा जाड होता, गाठी पक्क्या होत्या. काहीच तुटले नाही. मग तो पाण्यात उतरला. आधी गुडघाभर, मग कमरेएवढा. पाणी वाढत होते, ते त्याच्या ध्यानात आले नाही. त्याचा पाय शेवाळावर घसरला. प्रवाहाने त्याला खाली ओढले, दोऱ्याने तळाकडे धरून ठेवले. हाताभोवतीचा वेढा आवळत गेला. त्याला तो सोडवता येईना.

काठावर एक कोळी जाळे वाळत घालत होता. त्याने पाहिले. तो कमरेची सुरी हातात घेऊन पाण्यात शिरला, एका हाताने पोराची बखोट धरली आणि दुसऱ्या हाताने दोरा कापला. दोघे वीस-पंचवीस हात वाहत गेले आणि मग काठाला लागले.

कोणीतरी आजोबांना हाक मारली. ते आले तेव्हा नातू वाळूत बसून रडत होता. त्याच्या तळहातावर दोऱ्याचा लाल वळ उठला होता.

"आजोबा, गोळी गेली," तो म्हणाला. "इतक्या वर्षांची गोळी मी घालवली."

आजोबांनी त्याच्या हातावर पाणी ओतले. कोळ्याला हात जोडले. कोळी म्हणाला, "तात्ता, आम्हीही इथे खूप काही घालवले आहे. हा घाट सगळ्यांचे घेतो." आणि तो आपले जाळे आवरायला गेला. आजोबा नातवाला काहीच बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नातू म्हणाला, "मी बुडी मारून गोळी काढतो."

आजोबा त्याला हाताला धरून गावातल्या रामलिंगस्वामींच्या देवळात घेऊन गेले. त्या देवळात 108 शिवलिंगे आहेत. आजोबांनी त्याला तिथली कथा सांगितली. रामाने मारुतीला काशीहून लिंग आणायला पाठवले. मारुतीला उशीर झाला. तोवर सीतेने वाळूची लिंगे केली आणि रामाने त्यांची पूजा केली. मारुती आला, त्याला राग आला. त्याने एका लिंगाला शेपटीचा वेढा घातला आणि उपटायला गेला. लिंग हलले नाही. तोच मागे पडला.

"जे रुतले ते बळाने निघत नाही," आजोबा म्हणाले. "मारुतीच्या बळानेही निघाले नाही. उन्हाळा येऊ दे. नदी स्वतःच दाखवेल."

त्या दिवसापासून खरे शिकणे सुरू झाले.

आजोबांनी दोऱ्याच्या टोकाला एक लहान लोखंडी कडी बांधली. कडीच्या पुढे हातभर बारीक दोरा लावला आणि त्याच्या टोकाला गळ. मग कडीपासून खाली, चार बोटांचा आणखी एक तुकडा लोंबता ठेवला. हा तुकडा शिवणाच्या जुन्या सुती दोऱ्याचा होता. वजन त्याला बांधले.

नातवाने तो सुती दोरा बोटांनी चाचपला. "आजोबा, हा तर चटकन तुटेल."

"तुटावा म्हणूनच लावला आहे."

"मग वजन जाईल."

"वजन जाईल. गळ राहील, दोरा राहील, काठी राहील. आणि तू राहशील." आजोबांनी गाठ ओली करून आवळली. "नदीत काहीतरी अडकणारच. काय अडकू द्यायचे, ते आपण आधी ठरवायचे."

मग त्यांनी गळ टाकायला शिकवले. समोर नव्हे, थोडा वरच्या अंगाला टाकायचा. वजन बुडत बुडत समोर येईपर्यंत तळाला पोचते. मग काठीचे टोक त्याच्याबरोबर सावकाश फिरवायचे. दोरा ताणलेला हवा, पण ओढलेला नको. प्रवाह खालच्या अंगाला घेऊन गेला की काढून घ्यायचा आणि पुन्हा वर टाकायचा.

"आता डोळे मीट," आजोबा म्हणाले, "आणि हाताला काय कळते ते सांग."

"टक् असे झाले."

"पुढे?"

"पुन्हा झाले. दोन-तीन हातांवर."

"तेवढेच हवे. दोन-तीन हातांनी एकदा तळ लागला पाहिजे. सारखी खरखर लागली तर वजन जास्त आहे. काहीच लागले नाही तर कमी आहे. अजिबात हललेच नाही तर तू मासे धरत नाहीस, नदीला खुंटी मारतो आहेस."

आजोबांजवळ वजनांची एक पिशवी होती. तिच्यात शिशाचे तुकडे होते, भाजक्या मातीचे मणी होते, सायकलच्या दुकानातून आणलेले निकामी नट होते. गोल वजन गडगडत जाते, पण चिऱ्यांच्या फटीत शिरते. लांबट वजन दगडांवरून सरकून निघते. चपटे वजन वाळूवर बसून राहते. भाजक्या मातीचे वजन पाण्यात निम्मेच उरते, म्हणून ते संथ पाण्याला चालते. हे सगळे आजोबांनी एका दिवसात सांगितले नाही. ज्या दिवशी जे लागले, त्या दिवशी ते सांगितले.

रोज नदीवर गेल्यावर आजोबा आधी एक वाळके पान पाण्यात सोडत आणि त्याच्याबरोबर काठाने चालत. पान झपझप गेले तर पिशवीतून मोठे वजन निघे. आस्ते गेले तर लहान. वर कुठे दार उघडले, कुठे पाऊस झाला, कुठे सांबा भातासाठी पाणी वळवले, तर कालचे वजन आज चालत नसे. सकाळचे दुपारी चालत नसे. पुलाजवळचे घाटाजवळ चालत नसे. नातू सुरुवातीला विचारी, "आज कोणते लावू?" आजोबा म्हणत, "मला काय विचारतोस? पाण्याला विचार." मग हळूहळू नातू स्वतःच पान सोडू लागला.

पुष्कळ वजने हरवली. पहिले हरवले तेव्हा नातवाचा चेहरा उतरला. सुती दोरा तुटला, गळ मोकळा झाला आणि हातात आला. त्याने दुसरे वजन बांधले. दहाव्या वेळी त्याने मान वर न करताच दुसरे बांधले.

एका संध्याकाळी वजन टक् टक् करीत चालले होते. मग ते थांबले. दगडाचा धक्का कोरडा असतो आणि लगेच सुटतो, हे त्याला आता कळत होते. हा धक्का वेगळा होता. दोरा थांबला आणि थरथरला. त्याने काठी उचलली. वीतभर शिंगटा वर आला, ज्याला त्या गावात केळुत्ती म्हणतात. आजोबांनी त्याला काट्यापासून बोट जपून मासा कसा धरायचा ते दाखवले. आजीने त्या रात्री चिंचेचे कालवण केले.

वर्ष उलटले. सांबा भात कापून झाले. पाणी ओसरले, मग डबकी राहिली, मग डबकीही आटली. चैत्र संपता संपता आजोबा आणि नातू पात्रात उतरले आणि पडक्या घाटाशी गेले.

नदीचा तळ उघडा पडला होता. वर्षभर हाताने चाचपलेला तळ नातू आता डोळ्यांनी पाहत होता. इथे वाळू होती, म्हणून चपटे वजन बसत होते. इथे चिरे होते, म्हणून गोल अडकत होते. चिऱ्यांच्या फटींत लोकांची हरवलेली वजने पडली होती. भोके पाडलेले दगड होते, मातीचे मणी होते, गंजलेले नट होते, जाळ्यांची शिशे होती. कोणाची किती वर्षांपूर्वीची, ते सांगता येत नव्हते.

दोन मोठ्या चिऱ्यांच्या मध्ये गोळी होती. तारेचा वेढा गंजला होता. जाड दोऱ्याचा तुकडा अजून तिला लागून होता. नातवाने फटीत काठी घालून गोळी बाहेर काढली आणि आधी गाठ पाहिली. तिन्ही गाठी होत्या तशाच होत्या. त्यातली एकही सैल झाली नव्हती.

तो बराच वेळ त्या गाठीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आजोबा, गाठ सुटली असती तर मी पडलो नसतो."

"नसतास," आजोबा म्हणाले.

घरी आल्यावर नातवाने डबा काढला. गोळी धुतली, पुसली, दहा गोळ्यांजवळ ठेवली. पण झाकण लावले नाही. त्याने विचारले, "या गोळ्या कोणी केल्या?"

"मूळ पुरुषाने. फौजेत शिपाई आपल्या गोळ्या आपण ओतत."

"याच मापाच्या का केल्या?"

"त्याच्या बंदुकीच्या नळीत बसाव्यात म्हणून. नळी लहान असती तर लहान ओतल्या असत्या."

नातू गप्प झाला. रात्री जेवताना त्याने विचारले, "मग आपण आपल्या नदीच्या मापाने ओतल्या, तर त्याला राग येईल का?"

आजीने वाढायचे थांबवले. आजोबांनी ताटावरचा हात आवरला. रविवार होता, म्हणून नातवाचा बापही पंगतीला होता. तो म्हणाला, "तीनशे वर्षे जपल्या आहेत त्या."

"फळीवर जपल्या," आजोबा म्हणाले. "एकदा पोराने एक काढली, तर ती त्याला घेऊन बुडत होती. कारण ती कशासाठी आहे, ते आपण त्याला कधी सांगितलेच नव्हते. ती चूक माझी." मग ते मुलाकडे वळले. "तू कारखान्यात लोखंड ओततोस. तूच सांग. धातू जपायचा असतो, की त्याचे काम?"

मुलगा काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "एक तशीच ठेवू या."

"ठेवू या," आजोबा म्हणाले.

त्यांनी वाळू आणि चिकणमातीचे साचे केले आणि आठ दिवस उन्हात वाळवले. साच्यात ओल राहिली तर तापलेले शिसे उसळते, हे बापाला कारखान्यामुळे माहीत होते. पुढच्या रविवारी परसात, वारा पाठीवर घेऊन, लाकडांची चूल पेटवली. एक जुनी लोखंडी पळी कायमची स्वयंपाकातून काढली. आजीला आणि शेजारच्या लहान पोरांना दूर बसवले, कारण शिशाची वाफ वाईट. शिसे सव्वातीनशे अंशांच्या थोडे पुढे वितळते, त्याला भट्टी लागत नाही. दहा गोळ्या एकामागून एक पळीत गेल्या. आधी त्यांच्यावरची करडी साय सुरकुतली, मग खालून चकचकीत धातू दिसला. बापाने तो साच्यांत ओतला.

संध्याकाळपर्यंत तीस तोळ्यांची लहान लहान वजने झाली. काही पाव तोळ्याची, काही अर्ध्या, काही एका तोळ्याची. काही गोल, बरीचशी लांबट. आजोबांनी नातवाला साबणाने हात धुवायला लावले आणि बजावले, "ही दातांनी कधी दाबायची नाहीत. हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय खायचे नाही. शिसे पोटात गेले तर विष आहे. आणि नदीत जे हरवेल, ते उन्हाळ्यात वेचून आणायचे. पाणी आपले एकट्याचे नाही."

नातवाने पहिली चार वजने पिशवीत घातली नाहीत. ती घेऊन तो कोळ्याच्या घरी गेला. कोळ्याने ती तळहातावर घेऊन तोलली आणि विचारले, "कुठली?"

"आमच्या घरची," नातू म्हणाला. "जुनी आहेत. नवी केली."

त्या खंडेनवमीला डबा उघडला. त्यात एक गोळी होती आणि तिच्या शेजारी पाव तोळ्याचे एक लांबट वजन. आजोबांनी दोन्हीला गंध लावले.

पुढे आजोबा गेले. नातू मोठा झाला, त्याची मुले झाली. घरात मराठी राहिली. तिच्यात तमिळ शब्द मिसळत गेले, तशी ती दारात आणि पंगतीत जास्त बोलली जाऊ लागली. दर जूनला पाणी आले की तो मुलांना घेऊन नदीवर जाई, आधी पान सोडी आणि मग पिशवी उघडी. दर उन्हाळ्यात ते सगळे पात्रात उतरत, हरवलेले शिसे वेचत, परसात वितळवून पुन्हा ओतत. त्यातले कोणते मूळ पुरुषाचे आणि कोणते कोळ्याच्या जाळ्यातले, ते आता वेगळे काढता येत नव्हते. त्याचे कोणाला दुःख नव्हते.

मागच्यांनी दिलेले काहीतरी वजन प्रत्येकाजवळ असते. भाषा असते, नाव असते, घराची रीत असते, कधी एखादे दुःख किंवा अभिमान असतो. ते वजन अजिबात नसेल तर माणूस वरच्या पाण्याबरोबर वाहत जातो, आणि आपण कशावरून चाललो आहोत ते त्याला कळत नाही. ते फार असेल तर तो एका जागी रुतून बसतो, आणि त्या रुतण्यालाच निष्ठा म्हणू लागतो. म्हणून मागचे टाकून देऊ नये, आणि जसेच्या तसे अंगाला बांधूनही घेऊ नये. ज्यांनी ते दिले, त्यांनीही ते आपल्या काळाच्या मापाने घडवले होते. तेच काम आपल्यालाही करायचे असते. तळ कळेल एवढे वजन घ्यावे आणि चालत राहावे. आणि ते बांधताना गाठ अशी मारावी, की कधी वेळ आलीच, तर वजन जावे आणि माणूस राहावा.